सुरत लुटली, पण पाहिली कोणी?

सुरत म्हटले की मराठी माणसाला दोन गोष्टी आठवतात : लूट आणि बस्ता. शिवछत्रपतींनी १६६४ आणि १६७० अशी दोनदा सुरत लुटली, हे आपण चौथीच्या इतिहासात शिकतो. आणि घरात लग्न निघाले की बायकामंडळींना घेऊन कापड मार्केटला धडकतो. जून २०२२ मध्ये महाराष्ट्रातील काही आमदारांनी तिथल्या हॉटेलात मुक्काम केल्यापासून तिसरी आठवण जोडली गेली. पण या तिन्ही आठवणींत शहर कुठे आहे? एकीत तिजोरी आहे, दुसरीत दुकान आहे, तिसरीत हॉटेलची खोली आहे. नंदुरबारहून रेल्वेने तीन-साडेतीन तासांवर असलेले, साडेचारशे वर्षांहून अधिक काळ जगाच्या नकाशावर असलेले हे शहर आपण बघितलेलेच नाही. ही गोष्ट मला लाजिरवाणी वाटते, आणि ती तशी का वाटते हे सविस्तर सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

अलीकडे दिवाळी अंक उघडला की निदान तीन प्रवासवर्णने परदेशची असतात. त्याला माझी हरकत नाही. माझ्याच शाळेतून गेलेला एक मुलगा पुण्यात इंजिनियर आहे. तो पाठीवर एक सॅक टाकून ऑस्ट्रेलियात मेलबर्नला चार दिवस भटकून आला आणि आमच्या नववी-दहावीच्या मुलांना त्याने पडद्यावर चित्रे दाखवून त्या शहराची फार सुंदर ओळख करून दिली. स्वस्तातल्या वसतिगृहात उतरायचे, दिवसभर पायी हिंडायचे, शहराच्या मध्यभागी फुकट चालणाऱ्या ट्रामने फिरायचे, गल्लीबोळांतल्या भिंतींवरची चित्रे बघायची, १८७८ पासून भरणाऱ्या बाजारात उभ्याने खायचे, यारा नदीच्या काठी बसून माणसे न्याहाळायची. शहर बघण्याची ही रीत मला मनापासून पटली. खिशात पैसे कमी आणि पायांत जोर जास्त असला की शहर माणसाशी बोलू लागते.

त्याचे बोलणे संपल्यावर मी त्याला विचारले, "सुरतेला कधी गेला होतास का?" तो म्हणाला, "गेलो होतो की सर, ताईच्या बस्त्याला!"

वाचकहो, दोष त्या मुलाचा नाही. मेलबर्नला जाताना शहर बघायचे असते आणि सुरतेला जाताना सामान आणायचे असते, हे त्याला कोणी शिकवले? तुम्ही, आम्ही, आमच्या शाळांनी आणि आमच्या अंकांनी. मेलबर्न वसले १८३५ साली. तेव्हा सुरतेचे वैभव चढून उतरूनही जमाना झाला होता. १६०८ साली हॉकिन्सचे जहाज सुरतेच्या बंदराला लागले, १६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो इथेच उतरला, बर्निये आला, ताव्हेर्निये आला. त्या काळच्या युरोपातील हिंडफिऱ्यांना हिंदुस्थानात शिरायचा दरवाजा म्हणजे सुरत. अर्ध्या जगाने जे शहर बघायला महिनोन् महिने समुद्र कापला, ते आपण साडीच्या गठ्ठ्यावर बसून ओलांडतो.

आता पहिला आक्षेप ठरलेला आहे : "सुरत आमच्या राजांनी लुटली, तेवढे पुरे. तिथे बघायचे काय?" २०२४ साली 'लूट' हा शब्द वापरावा की नाही यावरून राज्यात मोठा वाद झाला. मला त्या शब्दाच्या भांडणात पडायचे नाही. शाइस्ताखान तीन वर्षे पुण्यात ठाण मांडून बसला, स्वराज्याचा मुलूख त्याने उजाड केला. त्याची भरपाई मोगलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून वसूल झाली, हे कारण समजायला शब्दकोश लागत नाही. मी वेगळेच विचारतो. जानेवारी १६६४ मध्ये मराठे सुरतेत शिरले तेव्हा त्यांना शहर माहीत होते की नाही? बहिर्जी नाईकांच्या हेरांनी आधी सुरत पालथी घातली होती, असे आपण अभिमानाने सांगतो. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला आणि इकडे वीरजी व्होरासारख्या सावकारांचे वाडे बरोबर सापडले. कॅपुचिन पाद्र्यांचा मठ वगळला गेला. डच वखारीचा एक दिवंगत दलाल फार दानशूर होता म्हणून त्याच्या घराला हात लागला नाही, असे बर्नियेने लिहून ठेवले आहे. कोणाचे घर घ्यायचे आणि कोणाचे सोडायचे हे ज्यांना ठाऊक होते, त्यांना त्या शहराची गल्ली न् गल्ली ठाऊक असणार. शहर लुटायलासुद्धा आधी ते नीट पाहावे लागते! त्यांच्या पराक्रमाच्या गोष्टी सांगणाऱ्या आम्हां वारसांना मात्र रिंगरोडवरच्या कापड मार्केटपलीकडे सुरतेतील एक रस्ता धड सांगता येत नाही.

म्हणून गेल्या जानेवारीत मी त्या मुलाचीच रीत उचलली. पंचावन्नाव्या वर्षी पाठीवर मुलाची सॅक घेतली, पायांत कॅनव्हासचे बूट घातले आणि तापी मार्गावरच्या गाडीत बसलो. दोन दिवस आणि एक रात्र. खरेदी एका पैशाची नाही, असे घरी आधीच जाहीर केले होते. त्यावर घरात जे झाले ते येथे लिहीत नाही.

या रेल्वेमार्गावरचे नवापूर स्टेशन आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. अर्धे स्टेशन महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. फलाटावर एक बाक असे आहे की त्याच्या मधून सीमा जाते. १९६० साली राज्ये वेगळी झाली, त्याच्या कितीतरी आधी ते स्टेशन बांधलेले होते. तिथे चार भाषांत घोषणा होते आणि कोणाचेही डोके दुखत नाही. मराठी-गुजराती वाद पेटवण्यासाठी मुंबईहून येणाऱ्या वक्त्यांना एकदा त्या बाकावर तासभर बसवावे, असे माझे फार दिवसांचे मत आहे.

सुरतेत पहिल्यांदा गेलो ते चौक बाजारातल्या किल्ल्यावर. गुजरातच्या सुलतानाच्या हुकमाने खुदावंदखानाने तो १५४० च्या सुमारास बांधला. पोर्तुगीज वारंवार शहर जाळत, त्यांना आवर घालण्यासाठी. इनायतखान ज्यात लपला तो हाच. महापालिकेने त्याची डागडुजी करून तो लोकांसाठी खुला केला आहे. आपल्या शाळांच्या सहली दरवर्षी किल्ल्यांवर जातात. ज्या किल्ल्याचा आपल्या इतिहासाशी इतका थेट संबंध आहे, तो मात्र कोणत्याही सहलीच्या यादीत मला आढळला नाही.

तिथून पायी मुघलसराईला गेलो. शहाजहानच्या काळात, १६४४ साली, प्रवाशांसाठी बांधलेली ही सराई. मक्केला निघालेले यात्रेकरू इथे उतरत. म्हणजे आमच्या त्या इंजिनियर मुलाने मेलबर्नमध्ये ज्या प्रकारच्या वसतिगृहात मुक्काम केला, तसे सुरतेत पावणेचारशे वर्षांपूर्वी होते. आज त्या इमारतीत सुरत महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय आहे. प्रवाशांची सराई आणि गावाचा कारभार एकाच छपराखाली आला, हे या शहराला शोभून दिसते. कारण सुरत हे बाहेरून आलेल्यांनीच उभे केलेले गाव आहे.

त्या महापालिकेविषयी दोन शब्द. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग झाला. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. लाखो माणसे शहर सोडून पळाली आणि आपल्या स्टेशनांवर उतरणाऱ्या आपल्याच माणसांकडे आपण तोंडाला रुमाल लावून दुरून पाहत होतो. त्या वेळी सुरत म्हणजे घाणीचे दुसरे नाव झाले होते. १९९५ साली एस. आर. राव आयुक्त म्हणून आले, अधिकाऱ्यांना रोज सकाळी रस्त्यावर उतरवले, आणि दीड-दोन वर्षांत शहराचे रूप पालटले. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईचे पाणी सुटून तापीने जवळजवळ सगळे शहर बुडवले. त्यातूनही ते उठले. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरच्या बरोबरीने देशात पहिला क्रमांक घेतला. आपल्या नगरपालिकांचे सभासद अभ्यासदौऱ्यासाठी कुठे कुठे जातात हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. तापीच्या याच पाण्यावर, याच रेल्वेमार्गाच्या टोकाला अभ्यास करण्याजोगे काही घडले, हे त्यांना कोणी कळवले नसावे.

गोपीपुऱ्यात कवी नर्मदाचे घर आहे. नर्मद हा आधुनिक गुजरातीचा आद्य पुरुष. पहिला मोठा गुजराती शब्दकोश त्याने एकट्याने रचला. त्या घरासमोर उभा असताना मला मात्र एक मराठी माणूस आठवत होता. दादोबा पांडुरंग तर्खडकर. मराठी व्याकरण लिहिणारे, ज्यांना 'मराठीचे पाणिनी' म्हणतात ते. हे दादोबा १८४० च्या दशकात सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिकवत होते, आणि तिथेच दुर्गाराम मेहताजी या गुजराती शाळामास्तरांबरोबर १८४४ साली त्यांनी मानवधर्म सभेत काम केले. जातिभेद नको, विधवांवर जुलूम नको, भुताखेतांची भीती नको, असे ते सुरतेच्या लोकांना भर सभेत सांगत. पुढे मुंबईत दादोबांनी परमहंस सभा काढली आणि त्याच वाटेने पुढे १८६७ साली त्यांच्या बंधूंच्या पुढाकाराने प्रार्थना समाज उभा राहिला. महाराष्ट्राच्या सुधारणेची एक वाट अशी सुरतेतून निघालेली आहे. एक मराठी मास्तर आणि एक गुजराती मास्तर यांनी ती पाडली, आणि आपल्या डी.एड., बी.एड. झालेल्या शिक्षकांपैकी किती जणांना हे माहीत आहे, ते शिक्षकदिनाच्या भाषणांत ऐकून पाहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कतारगामच्या बाजूला इंग्रजांचे आणि डचांचे कबरस्तान बघितले. कबरी कसल्या, घुमटाचे महालच ते! मोगली थाटात मिरवण्याची हौस गोऱ्यांनाही सुटली नव्हती. पहिल्या स्वारीच्या वेळी इंग्रज वखारीचा प्रमुख असलेला जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ साली सुरतेतच वारला. त्याची आणि त्याच्या भावाची कबर इथे आहे. डचांच्या बाजूला व्हान रीडची कबर आहे. मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करणारा हा माणूस. आमच्या शास्त्राच्या शिक्षकांनी मुलांना त्या कबरीपुढे उभे करून त्या ग्रंथाविषयी बोलावे, यापेक्षा चांगला वनस्पतिशास्त्राचा तास मला सुचत नाही. आणि इतिहासाच्या शिक्षकांनी सांगावे की इंग्रजांनी आपले मुख्य ठाणे १६८७ साली सुरतेहून मुंबईस हलवले, मागोमाग व्यापारी गेले, लवजी नसरवानजी वाडियासारखे जहाज बांधणारे कारागीर गेले, आणि मुंबई वाढली. ज्या मुंबईसाठी आपण १०६ हुतात्म्यांचे रक्त दिले तिची ही थोरली बहीण. तिला ओळख द्यायलाही आपण तयार नाही.

खाण्याविषयी आवरते घेतो, नाही तर सुरतेवरचा लेख तिथेच अडकतो. 'सुरतनुं जमण अने काशीनुं मरण' अशी त्यांची म्हण आहे. लोचो खाल्ला, घारी खाल्ली. संध्याकाळी तापीकाठी पोंक खाल्ला, आणि हसू आले. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच. नदी तीच, ज्वारी तीच. प्रकाशाला आपण तिला वंदन करतो आणि सुरतेत ती समुद्राला भेटायला निघते. फक्त शेव घालून खाण्याची रीत त्यांची.

महिधरपुऱ्यात हिऱ्यांचा बाजार बघितला. दुकान नाही, गल्ला नाही. स्कूटरच्या सीटवर कागदाचे पडीकुं उघडून माणसे उभ्याने हिरे पारखतात आणि विश्वासावर देतात-घेतात. जगातले बहुतेक हिरे या शहरात पैलू पाडून घेतात. डिसेंबर २०२३ मध्ये खजोदला त्यासाठी प्रचंड इमारतही उभी राहिली, तरी गल्लीतला बाजार पाहण्याची मजा काही और.

आता जे सांगण्यासाठी एवढे लिहिले त्याकडे येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लिंबायतला गेलो. लिंबायत, उधना, दिंडोली, पांडेसरा हे भाग नकाशावर सुरतेत आहेत. कानाला विचाराल तर ते खानदेशात आहेत. पानाच्या टपरीवर अहिराणी, भाजीच्या गाडीवर अहिराणी, श्रावणात कानबाईची मिरवणूक, भाद्रपदात गल्लोगल्ली गणपती. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले गृहस्थ नवसारी मतदारसंघातून खासदार म्हणून निवडून येतात, यावरून मराठी वस्तीचा अंदाज घ्यावा. "सर, तुम्ही आठे?" म्हणत एका दुकानातून माझा एक जुना विद्यार्थी बाहेर आला. दहावीनंतर तो घरून निघाला आणि कापडाच्या प्रोसेस हाऊसमध्ये लागला. त्याच्या घरी चहा झाला. त्याची बायको जमिनीवर बसून साडीवर एकेक खडा चिकटवत होती. साडीमागे काही रुपये मिळतात. मी विचारले, या साड्या कुठे जातात? ती म्हणाली, "मार्केटमां." म्हणजे आपण ज्या मार्केटमधून बस्ता आणतो, तिथेच. आपल्या मुलीच्या अंगावरच्या लग्नाच्या साडीचा खडा आपल्याच तालुक्यातल्या बाईने वाकून वाकून लावलेला असतो, आणि गठ्ठा बांधून परत निघताना आपण तिच्या वस्तीवरून रेल्वेने जातो, खिडकी लावून.

माझा तो विद्यार्थी चौदा वर्षे सुरतेत आहे. किल्ला त्याने बघितलेला नाही. मुघलसराईत पाणीपट्टीच्या कामासाठी गेला होता. ती सराई होती हे त्याला ठाऊक नव्हते. गुजराती तो उत्तम बोलतो, पण वाचता येत नाही. कामाचा करार, पगाराची पावती, दवाखान्याची चिठ्ठी दुसऱ्याकडून वाचून घेतो. आणि गंमत अशी की मुलांसाठी तिथली महापालिका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालवते. हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगूच्याही चालवते. शहराने आपल्या माणसाला त्याची भाषा देऊ केली. आपण त्याला त्या शहराची लिपीसुद्धा शिकवून पाठवले नाही.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो जरा घरचा आहे. आमच्या संस्थेच्या बैठकीत मी नववीच्या मुलांना गुजराती लिपी शिकवण्याची सूचना मांडली तेव्हा एक सभासद ताडकन् म्हणाले, "म्हणजे मुलांना मजूर म्हणून पाठवायची तयारीच करता की काय!" दुसरे म्हणाले, "डांग गेले, उंबरगाव गेले, आता भाषाही द्यायची?" टाळ्या दुसऱ्यांना पडल्या.

पहिल्यांना माझे उत्तर असे. मुले जातातच. तुमच्या-माझ्या परवानगीने जात नाहीत. पाऊस आला नाही की जातात, जमिनीचे तुकडे पडले की जातात, रेल्वे दारात आहे म्हणून जातात. प्रश्न इतकाच की जाताना त्यांच्याजवळ काय असावे. वाचता येणारा कामगार आणि न वाचता येणारा कामगार यांच्यात मुकादम आणि हमाल इतके अंतर पडते. शहर ओळखणारा मुलगा तिथे दुकान टाकायचे स्वप्न बघतो. न ओळखणारा बारा तासांची पाळी करून खोलीवर झोपतो. मेलबर्नला जाणाऱ्या मुलाला आपण इंग्रजीची परीक्षा देऊन पाठवतो, तिला हजारो रुपये भरतो, आणि त्याबद्दल कोणी 'भाषा दिली' म्हणत नाही. मग तीन तासांवरच्या शहरात जाणाऱ्या गरिबाच्या मुलाला दहा-बारा वेगळी अक्षरे शिकवताना अस्मिता का आडवी यावी? देवनागरी येणाऱ्याला गुजराती लिपी म्हणजे डोक्यावरची रेघ काढलेली ओळखीची मंडळी. आठवड्याचे काम आहे. मी आमच्या मुलांवर करून पाहिले.

दुसऱ्यांना इतकेच सांगतो की भाषा वाचल्याने भाषा जात नाही. दादोबा सुरतेत राहून गुजरातीत बुडाले नाहीत. डिसेंबर १९०७ मध्ये लोकमान्य सुरतेच्या काँग्रेसला गेले. तिथे मांडवात पुणेरी जोडा उडाला आणि काँग्रेस दुभंगली. पण लोकमान्यांचे मराठीपण काही सुरतेत राहिले नाही. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा इथली माणसे भिल्ली, मराठी, गुजराती, हिंदी अशा चार बोलींत दिवस काढतात. ज्याला त्या चारही येतात त्याला कोणी फसवत नाही. एकच येते म्हणून छाती फुगवणाऱ्याला बाजारात सगळे फसवतात.

तेव्हा माझे तीन आग्रह आहेत.

सीमेवरच्या प्रत्येक माध्यमिक शाळेने आठवी-नववीची एक सहल वॉटर पार्कऐवजी सुरतेला न्यावी. पायी न्यावी. पहिल्या दिवशी किल्ला, मुघलसराई, नर्मदाचे घर, हिऱ्यांची गल्ली. दुसऱ्या दिवशी कबरस्ताने, कापड मार्केट आणि शेवटी लिंबायत. लिंबायत गाळू नये. मुलांनी आपल्या गावची माणसे तिथे कशी राहतात ते बघावे, त्यांच्या हातचा चहा प्यावा, त्यांना प्रश्न विचारावेत.

दुसरे, शाळेच्या ग्रंथालयात एक गुजराती वर्तमानपत्र सुरू करावे. महिन्याला त्याचा खर्च पेढ्याच्या एका पुडीइतका येतो.

तिसरे संपादकांना. परदेशची तीन प्रवासवर्णने जरूर छापा. पण चौथे आपल्याच रेल्वेमार्गावरचे असू द्या. बारडोली आहे, जिथे १९२८ साली शेतकऱ्यांनी सरकारला सारावाढ मागे घ्यायला लावली. व्यारा आहे, सोनगड आहे, जिथून गायकवाडांचे राज्य वाढले. लिहिणाऱ्याला विमान लागत नाही. पाठीवरची सॅक आणि सकाळची पॅसेंजर पुरते.

आमच्या शाळेची सहल येत्या जानेवारीत, पोंकच्या दिवसांत, निघणार आहे. चाळीस मुले आणि तीन शिक्षक असे ठरले आहे. शेजारच्या तालुक्यांतल्या ज्या मुख्याध्यापकांना आपली मुले बरोबर पाठवायची असतील त्यांनी नाताळच्या सुटीआधी कळवावे. बस्ता आणायचा असेल त्यांनी मात्र वेगळ्या गाडीने यावे.